हेल्मेटमधली तीन अंडी

मुक्काम कसा हलवायचा, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमचं सगळं ठरल्याप्रमाणे होतं. उशीर होतो तो फक्त इतर डिपार्टमेंटमुळे. त्यामुळे त्या रविवारी माझा कार्यक्रम पक्का होता. दहा वाजता निरोप, सव्वादहाला स्कूटर चालू, आणि जेवायला पिंपळे गुरवला घरी!

चाकणमागच्या टेकडीवर जखमी पशुपक्ष्यांचं एक केंद्र आहे. तिथे मी रजा काढून पंधरा दिवस वन्यजीवांची सेवा केली. सेवा म्हणजे काय, तर मी घुबडांचे पिंजरे धुवायचे आणि घुबडांनी माझ्याकडे अत्यंत तुच्छतेनं बघायचं. राहायला शालनबाईंची शेतातली पत्र्याची खोली होती. खोली कसली, इडलीपात्रच! फरक एवढाच, की इडल्यांना पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. पंखा फिरायचा, पण वारा देणं हे आपलं काम आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मोरीत एक बेडूक राहायचा. मी आंघोळीला गेलो की तो न विचारता आत आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघायचा.

तर निघायच्या दिवशी शालनबाईंनी मला टोपी घातली, हातात नारळ दिला. केंद्राचे निरंजन मोबाइल रोखून उभे होते. मीही गळा दाटून आणला.

"ही खोली सोडताना पाय निघत नाहीत हो!"

पाय खरं तर सकाळी सहालाच निघायला तयार होते. भाषण आटोपून मी तडक गोठ्याच्या शेडमध्ये गेलो. पंधरा दिवस स्कूटर तिथेच उभी होती आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं. मी त्यात हात घातला मात्र, आतून काहीतरी फुर्रकन उडालं आणि माझ्या नाकाला पंख मारून वाशावर जाऊन बसलं. करडी-पांढरी दयाळ पक्ष्याची मादी! मी आत डोकावलो. गवत, मुळ्या, माझ्याच हरवलेल्या मोज्याचे धागे, आणि मधोमध तीन ठिपकेदार अंडी!

मी मागे पाहिलं. निरोपाला आलेले सगळे मागोमाग येऊन बघत होते.

"काय आहे शालनबाई," मी हळूच म्हणालो, "हेल्मेट असंच अलगद उचलून त्या खुंटीला लावलं तर..."

"आँ?" शालनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "हिरीच्या मोटारीच्या पेटीत चिमनीनं घरटं केलं, तवा मी बी ह्येच म्हनले व्हते. अलगद उचलते आन झाडावं ठिवते. तवा तुमी काय म्हनला व्हता?"

मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"सांगा की!"

"घरट्याला हात लावायचा नाही, असं..."

"आन?"

"आणि माणसानं थोडी कळ काढावी."

"व्हय! बारा दिस कळच काढतीय मी! हिरीत पानी हाय, पर मोटार लावता येत न्हाई. हापशीवरनं हंडे आनतीय. त्यातलंच दोन रोज तुमच्या आंगुळीला!"

बारा दिवस मी त्याच पाण्यानं गाणी म्हणत आंघोळ करत होतो, हे मला त्या क्षणी प्रथमच कळलं. माणसानं भाषण देण्याआधी पाणी कुठून येतंय, ते बघावं!

तेवढ्यात निरंजन धावत पुढे आले.

"वा शेखरसर! पाखरासाठी स्वतःची स्कूटर सोडून जाताय!"

"अहो, मी कुठे..."

"बोलू नका, असेच उभे राहा! चेहरा भावुक आलाय." खटाखट फोटो! "महिनाभर धरून चला. आधी अंडी उबायची, मग पिल्लं उडायची."

मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला.

"जयमाला, जेवायला थांबू नकोस. अंडी आहेत."

"घरात आहेत डझनभर. आणखी कशाला घेतलीत?"

"घेतली नाहीत. स्कूटरवर आहेत."

"मग पिशवीत घाला! फुटली तर स्कूटर मी धुणार नाही!"

"अगं, त्यांची आई आली आहे. ती हलू देत नाही."



"ऊन लागलंय तुम्हाला," जयमाला म्हणाली. "डोक्याला ओला रुमाल बांधा आणि या."

शेवटी शालनबाईंचा पुतण्या खंडू कांद्याचा टेम्पो घेऊन पिंपरीला निघाला होता, त्याच्या मागे गोण्यांवर माझी स्थापना झाली. डोक्यावर सत्काराची टोपी, मांडीवर नारळ आणि डोळ्यांत खरेखुरे अश्रू. कांदा माणसाला किती भावुक करतो! नाशिक फाट्यावर गोण्या घसरल्या आणि मी त्यांच्याखाली गेलो. डोक्यात आता एकच विचार होता: घर, एसी आणि पलंग!

सोसायटीच्या गेटपाशी वीस-पंचवीस माणसं उभी. निरंजननी काढलेला माझा फोटो मोबाइलवरून माझ्याआधी पोचला होता! सेक्रेटरी बबनराव शाल घेऊन पुढे आले.

"या पक्षिमित्र! पण सत्कार तुमच्या दारातच करायचा. वहिनींनाही बघू दे!"

अख्खी वरात तिसऱ्या मजल्यावर आली. बबनरावांनी बेल दाबली आणि शाल उलगडली. दार उघडलं. जयमालाच्या हातात लांब दांड्याचा झाडू होता. तिला फक्त मी दिसलो.

"बरं झालं आलात! एसीच्या बाहेरच्या पंख्याला चिकटून कबुतरानं घरटं केलंय. दोन अंडी आहेत. नेहमी उडवता तसं उडवा बरं झाडूनं, म्हणजे मला एसी लावता येईल!"

बबनरावांची शाल हवेतच थांबली.

"नेहमी?" कुणीतरी मागून विचारलं.

मी जयमालाच्या हातातून झाडू काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

"छे छे! राहू दे बिचारीला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! बबनरावांनी गहिवरून शाल माझ्या खांद्यांवर घातली आणि चांगली आवळून बसवली. बाहेर चाळीस अंश, घरात एसी बंद, आणि शाल अस्सल लोकरीची!