चितळांचं ‘बरं आहे’

मुलांनो, एका जंगलात पाण्याची टंचाई होती, पण समित्यांची अजिबात नव्हती. पाणवठा एकच, आणि वाघसाहेबांची गुहा नेमकी त्याच्या डोक्यावर. खालच्या ओढ्याची वाट कधीची बंद होती.

चितळांचं कसं चाललंय, याचा अभ्यास सायाळताईने हाती घेतला. तिने काही मोजलं नाही. ती चितळांतच जाऊन राहिली. विचारलं की जो तो म्हणे, “बरं आहे.” पण म्हणण्याआधी हळूच गुहेकडे बघून घेई.

एका पाडसाच्या आईने तेवढं कानात सांगितलं, “ताई, लेकरू तहानेनं रडतं हो. ओढ्याची वाट उघडून द्या ना.”

सायाळताईने अहवालात लिहिलं, ‘इथे बरं आहे म्हणजे भीती वाटते. ओढ्याची वाट उघडावी.’

समितीचे अध्यक्ष होते गवासर. ते म्हणाले, “ताई, हे सगळं ऐकीव. ग्राह्य धरायचं तर तीन बाजूंनी पडताळावं लागतं.”

तीन बाजू त्यांनीच निवडल्या. वाघसाहेब, वाघीणबाई आणि वाघसाहेबांचे मेहुणे. तिघांचं म्हणणं तंतोतंत जुळलं.

मग निष्कर्ष खुद्द चितळांना दाखवायचं ठरलं. पाणवठ्यावर सभा भरली. प्रमुख पाहुणे वाघसाहेब मधोमध बसले.

“तुम्हाला भीती वाटते, असं ताई लिहितात. खरं का?” गवासरांनी विचारलं.

चितळांनी पाहुण्यांकडे बघितलं. “छे हो. बरं आहे.”

“सर, आत्ता बघितलंत ना, बोलण्याआधी ते कुठे बघत होते?” सायाळताई म्हणाली.

“ताई, चितळांत राहून तुमचा कल तिकडे झालाय. संशोधकाने तटस्थ असावं.”

“तुम्ही कुठे राहता, सर?”

“वाघसाहेबांच्या शेजारी. एकदम शांत जागा.”

सायाळताईची नजर पाडसाच्या आईला शोधत होती. ती कुठेच दिसेना. वाघसाहेब मिशा चाटत होते. गवासरांनी नोंद करायला सांगितलं, ‘एका सहभागीने अभ्यासातून स्वेच्छेने माघार घेतली.’

पाडस मात्र एकटंच आलं होतं. कुठे बघून बोलायचं, हे त्याला अजून कुणी शिकवलं नव्हतं.

“मला भीती वाटते. आणि तहान लागलीय,” ते म्हणालं.

गवासरांनी पाडसाला आपादमस्तक न्याहाळलं.

“नमुना फारच लहान आहे,” ते म्हणाले, आणि अहवाल फेटाळला.

तात्पर्य : प्रत्यक्ष भोगणाऱ्याचा शब्द अवश्य ग्राह्य धरावा. फक्त त्याला सुळे आहेत ना, तेवढं आधी तपासून घ्यावं.