बुडबुड्यांवर खार खाणाऱ्या मॅडम

आमच्या कॉलेजातल्या प्रज्ञा मॅडमना बुडबुडे बघवत नाहीत. हिंगणघाटला एका लग्नात कोणीतरी त्यांच्या हातात सोडा दिला, तर ग्लासाकडे डोळे वटारून म्हणाल्या, "पाहा, कसे पळून राह्यले कामचोर!" सोडा देणाराच बिचारा पळाला.

मी त्याच कॉलेजातला ग्रंथपाल. रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मॅडम समजावल्याशिवाय सोडत नाहीत. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. ती आम्लात उकळली की बदामाच्या वासाचं एक तेल निघतं, फरफ्युरल. ते पाण्यात मिसळायचं, त्यात तांब्याची पट्टी बुडवायची आणि वीज सोडायची. पाण्यातला हायड्रोजन त्या तेलाला चिकटला, तर राळ बनवायचं कामाचं रसायन मिळतं. न चिकटता बुडबुडा होऊन उडाला, तर वीज फुकट. पट्टीवर कसला लेप द्यावा म्हणजे हायड्रोजन उडणार नाही, हाच मॅडमचा ध्यास.

नवी पट्टी आली की तिला जावयासारखा मान. "बस बापा, आरामात बस." पहिला बुडबुडा दिसला की मात्र, "काऊन रे? काय कमी केलं तुले?" प्राचार्य एकदा प्रयोगशाळेच्या दारातूनच परत फिरले. त्यांना वाटलं, आत घरगुती भांडण चालू आहे.

परवा दुपारी मॅडम लायब्ररीत धावत आल्या. "चला, चला लवकर!" जाऊन पाहतो तर पट्टी शांत. बुडबुडा जवळजवळ नाहीच. मॅडमनी तपासणीचा कागद माझ्यासमोर नाचवला, "बदललं भाऊ, तेल बदललं!"

संध्याकाळी पेढे घेऊन मी सावंगीला त्यांच्या घरी गेलो. कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म काढलेले त्यांचे वडील खाटेवर बसले होते.

"जमलं काय व, पोरी?"

"जमलं बाबा!"

म्हाताऱ्यानं टाळ्या पिटल्या आणि माझ्या हातातला पेढा लेकीच्या तोंडात कोंबला. आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवत त्यांनी पुन्हा विचारलं, "जमलं काय व, पोरी?"

मी चमकून मॅडमकडे पाहिलं. त्या टुणकन उठल्या. "जमलं बाबा, आताच जमलं!" पुन्हा टाळ्या, पुन्हा पेढा.

मला सोडायला त्या फाटकापर्यंत आल्या. "बाबाच्या ध्यानात काही राहत नाई आता," त्या हळूच म्हणाल्या. "रोज विचारत, रोज मी 'नाई जमलं' सांगे. अन् रोज त्यायले नव्यानं वाईट वाटे."

आतून हाक आली. पदरानं डोळे पुसत, ताजी बातमी सांगायला मॅडम आत धावल्या.