किबल्याकडची भिंत

सैफुद्दीन मिस्त्रीनं अनसिंगातल्या आपल्या अंगणात बाज टाकली, पाठीला उशी घेतली, मोबाइल गुडघ्याला टेकवून उभा केला आणि थेट पोर्तुगालातल्या घराचं काम सुरू केलं. रविवार, दुपारचे तीन. तिकडे पोरगा जुनैद सकाळचा चहा पिऊन घण घेऊन उभाच होता.

त्याचं असं झालं, की जुनैद तिथं भाजीपाल्याच्या गाडीवर ड्रायव्हर. ओसाड पडत चाललेल्या एका खेड्यात त्यानं जुनं दगडी घर घेतलं. फार स्वस्तात मिळालं. का, ते घेतल्यावर कळलं. छत गळकं, नळ कोरडा आणि रसोई एवढीशी, की माणूस आत गेला तर भाकर बाहेर भाजावी. तिथला गवंडी लावणं तर सोडाच, त्याला भाव विचारणंही जुनैदला परवडत नव्हतं. आणि इकडे मिस्त्रीची सून नमरा अडून बसलेली. केनवडच्या माहेरी सात बायकांत एक चूल तिनं लहानपणापासून पाहिली होती.

"घर कसंबी असो अब्बा, पर रसोई माही सोताची पायजे. डोयानं पायल्याबिगर मी तिकीट काढू देनार नाई."

तिचा आणि सहा वर्षांच्या लेकीचा, यूसराचा, व्हिसा आलेला. महिनाअखेरच्या आत तिथं पाऊल नाही टाकलं, तर व्हिसा गेला. मिस्त्रीनं छातीवर हात ठेवून शब्द दिला, "रसोई मी बांधून देतो बेटा."

त्या दिवसापासून गडी नुसता हवेत होता. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली, पोराचं बांधायची पाळी आता आली, तीही सात समुद्रापलीकडे! शेजारचे रामराव सोयाबीनचं डवरणं सोडून बाजेच्या कडेला येऊन बसले. मिस्त्रीची बायको बदरुन्निसा तांदूळ निवडता निवडता एक डोळा मोबाइलवर ठेवून होती.

"किबल्याकडची भिंत पाड," मिस्त्रीनं हुकूम सोडला. "रसोई अन् मांगची कोठी एक होते. मस्त हवेशीर!"

डावं-उजवं मिस्त्रीला कधी पटलं नाही. गवंडी इकडे तोंड करून उभा, मजूर तिकडे. डावं धरायचं कुणाचं? नमाजाची दिशा मात्र हलत नाही. अनसिंगात ती मावळतीला, म्हणून त्याच्या कामावर मावळतीची भिंत म्हणजे किबल्याकडची. रामरावांच्या गोठ्याच्या त्या भिंतीला खुद्द रामरावही तेच म्हणत.

जुनैदनं भिंतीकडे पाहिलं. "पर अब्बा, हिच्या पलीकडं तर..."

"पलीकडं काय हाय ते मले नको सांगू. नकाशा पायला म्या. मिस्त्री मी हाव का तू?"

"तुमीच."

"मंग ठोकून दाखव."

जुनैदनं घणाच्या दांड्यानं ठोकलं. आवाज पोकळ आला. मिस्त्री बाजेवर उठूनच बसला.

"आयकलं का रामराव? कच्ची भरन हाय. दगडाचा आवाज असा येतच नसते. घाल बे!"

"अब्बा, एकडाव पक्कं करा..."

"घाल म्हनलं ना!"

तिसऱ्या दणक्याला भिंतीला चांगलं दाराएवढं भगदाड पडलं. मिस्त्री "वाह रे पठ्ठ्या!" म्हणेपर्यंत धूळ खाली बसली. पलीकडे निळ्या फरशांची चकचकीत रसोई होती. शेगडीवर पातेलं रटरटत होतं आणि त्याच्यासमोर हातात पळी घेऊन ऐंशीच्या घरातली एक गोरी म्हातारी उभी होती. तिनं अशी किंकाळी मारली, की अनसिंगातली कुत्री भुंकायला लागली.

"हे बाई कोठीत काय करून राह्यली?" मिस्त्री ओरडला.

"कोठी कुठची अब्बा, शेजारीन हाय ते! तेच तं सांगून राह्यलो होतो!"

"म्या किबल्याकडची पाड म्हनलं!"

"किबल्याकडचीच पाडली! रोज पाच वक्त तिकडंच तोंड करतो मी!"

रामरावांनी डोकं खाजवलं. "मिस्त्री, एक इचारू काय? मक्का आपल्यापून मावळतीले. अन् पोर्तुगाल मक्केच्याबी पल्याड. मंग पोराचा किबला उगवतीले नाई का येनार?"

"या अल्ला," मिस्त्री म्हणाला आणि उशीवर मागे कोसळला.

बदरुन्निसानं मोबाइल हिसकला आणि कान पकडून पडद्यापुढे उभी राहिली. "माफ करा बाई, आमचा मानूस असाच हाय!" म्हातारी पळी नाचवत आपल्या भाषेत बोलतच होती. तेवढ्यात चहा घेऊन नमरा बाहेर आली, तिच्या मागे यूसरा. नमराची नजर पडद्यावर गेली आणि कपबशी हातातच राहिली.

"अब्बा! येवढी सुंदर रसोई? चार बर्नरची शेगडी? आजच तिकीट काढा!"

रामराव खाली पाहायला लागले. मिस्त्रीला वाटलं, गप्प बसावं. ही तिथं पोचली की जुनैद पाहून घेईल. पण शब्द दिलेला. उभ्या जन्मात वाटली नव्हती एवढी शरम त्याला वाटली.

"बेटा, हे रसोई आपली नाई. म्या चुकीची भिंत पाडली."

नमरा काही बोलणार, तोच ती पडद्याकडे बोट करून किंचाळली, "अवो आजी, उतू चाललं!"

म्हातारीला शब्द कळले नाहीत, बोट कळलं. ती गर्रकन वळली, बर्नर बारीक केला आणि हसली. नमरानं मोबाइल घेतला आणि विचारलं, पातेल्यात काय हाय? म्हातारीनं झाकण काढून दाखवलं. मग डबे निघाले, मसाले निघाले. अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मिस्त्री निकालाची वाट पाहत नखं खात होता.

शेवटी जुनैदचा आवाज आला. "अब्बा, इथं पयले दरवाजाच होता म्हनते. माह्या घरात तिची बहीन राहे. ते शहरात गेली अन् दरवाजा बुजवला. आता बुजवू नका, नवा दरवाजा लावा म्हनते."

"अन् माही रसोई?" मिस्त्रीनं सुनेकडे पाहिलं.

"ते होईतोर दोन बर्नर माहे, दोन तिचे. ठरलं आमचं."

"कोन्या भाषेत ठरलं?"

"बोटं दाखवली. तिकीट काढा अब्बा!"

रामरावांनी मांडीवर थाप मारली. यूसरा अंगणभर नाचली. मिस्त्रीला इतका आनंद झाला, की त्यानं थंडगार झालेला चहा एका घोटात संपवला. बदरुन्निसा मात्र तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तशीच बसून होती.

"ह्या दोघी गेल्या की घरात आपन दोघंच," ती हळूच म्हणाली. "मंग हुकूम कोनावर सोडसान?"

मिस्त्रीनं मोबाइल तोंडाजवळ घेतला.

"जुनैद, दरवाजा म्हनजे चौकट आली. चौकट फोनवरून बसत नसते. तिले मिस्त्री सोता लागते."

"अब्बा, पर खर्च..."

"चौकट बसली की वापस येतो."

"हो ना," बदरुन्निसा म्हणाली. तिनं बाजेखालची पेटी ओढली, मक्केच्या उमऱ्यासाठी काढून ठेवलेले दोघांचे पासपोर्ट वर ठेवले आणि सगळे गरम कपडे उन्हात टाकायला घेतले.