पहिल्या रांगेतली खुर्ची

नयनाच्या नाटकाला माणसं उभी राहोत नाहीतर जमिनीवर बसोत, पहिल्या रांगेत लग्नातली एक उंच, गादीची खुर्ची लागतेच. आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही.

चोपड्यात माझा मंडपाचा धंदा आहे. दुसऱ्यांच्या सतरंज्या झटकत मी इथवर आलो. माझा माल नुसता शोभेला पडून राहिला की माझं डोकं तापतं. त्यातून ही मुलगी आबांची. आबा म्हणजे आमचे माजी आमदार. त्यांच्या पहिल्या सभेच्या बल्ल्या मी खांद्यावर वाहिल्या. निवडून आल्यावर मंडप मात्र कायम धुळ्याच्या माणसाचा! हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

नयना वडिलांच्या पक्षात गेली नाही. नगरपालिकेला अपक्ष उभी आहे, आणि तिचा प्रचार म्हणजे गल्लोगल्ली एकटीची नाटकं, तीही अहिराणीत. स्वतःच लिहिते, स्वतःच करते. कोणी "आबांची पोर" म्हटलं की तिचं ठरलेलं, "आडनाव सोडी बोला, भाऊ!" भाव ठरवताना मीही एकदा आबांचं नाव काढलं. म्हणाली, "मग मंडपही त्यांच्याच दारात टाका."

टोपी घालून ती आबांची अशी नक्कल करते की माझा दिवसभराचा शीण जातो. समोर कोणी नसताना हात जोडणं, नळाचं विचारलं की खोकला येणं, सगळं बठ्ठं हुबेहूब. फक्त आबांचं लंगडणं ती करत नाही. मी सुचवलं, "ताई, डावा पाय ओढत या. लोक लोळतील."

"ते नको," म्हणाली आणि उगाच टोपी नीट करत बसली.

मला काही उमगेना. बापाची एवढी उडवायची आणि पाय तेवढा सोडायचा?

रिकामी खुर्ची म्हणजे पुढाऱ्यांना टोमणा, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. परवा नाटक रंगात असताना दुसऱ्या पक्षाचे एक पुढारी आले. म्हटलं, पुढचं गिऱ्हाईक. मी त्यांना अदबीनं त्या खुर्चीत बसवलं. नयना बोलता बोलता थांबली, खाली उतरली.

"दादा, उठा. हाई खुर्ची रिकामी नही शे."

"मग कोण बसलंय, भूत?" म्हणत पुढारी उठले. लोक हसले. ती हसली नाही.

नाटक संपल्यावर मी तिला गाठलंच. "माझं गिऱ्हाईक घालवलंत, ताई! आता सांगाच, कोणाची ही खुर्ची?"

ती टोपीची घडी घालत होती. "प्लास्टिकच्या खुर्चीतून आबांना उठता येत नाही. गुडघा वाकत नाही ना."

"येतो म्हणाले का?"

"फॉर्म भरला तेव्हापासून बोलतच नाहीत."

पुढच्या नाटकाला ती खुर्ची मी स्वतः लावली. रांगेच्या टोकाला, डावा पाय लांब करता येईल अशी. ज्यानं माझा मंडप कधी घेतला नाही, त्याच्या पायाची सोय मी का बघतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

नयना आली. खुर्चीकडे बघत राहिली.

"भाऊ, अजून थोडी पुढे घ्या," ती म्हणाली. "त्यांना आता ऐकूही कमी येतं."