एक मत फुटलं

हंबीररावांनी पाच किलो गुलाल आणून ठेवला होता. हलगीवाले दोन तास आधीच येऊन ग्रामपंचायतीच्या दारात हलगी शेकत बसले होते. आणि उपसरपंचपदाचा निकाल लागला. दिग्विजय तीन, जवाहर चार.

हंबीरराव म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आणि बोरजाईवाडीतल्या एका पॅनेलचे प्रमुख. त्यांची सून क्रांती पंधरा दिवसांपूर्वी थेट लोकांतून सरपंच झाली होती. तिच्यासोबत पॅनेलचे तीन सदस्य होते. हंबीररावांचा पुतण्या दिग्विजय, शालूबाई आणि जोतिबा. समोरच्या पॅनेलचेही तीनच. खताचं दुकान चालवणारा जवाहर, राजमती आणि दगडाबाई. एक जागा रिकामी राहिली, कारण तिच्यासाठी कुणी अर्जच भरला नाही. म्हणजे सरपंचाचं मत धरून आपले चार, त्यांचे तीन. यात चुकायला जागाच कुठे होती? पण मतदान पडलं चिठ्ठीवर, गुप्त, आणि चिठ्ठ्या उघडल्यावर चाराचे तीन झाले.

"फुटलं! आपल्यातलं एक मत फुटलं!" हंबीरराव अंगणात येरझारा घालत होते. "म्या अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली, पन असला दगाफटका बगितला न्हाई!"

तेवढ्यात दारात जवाहर उभा. निवडून आलेला माणूस, पण चेहरा असा की जणू डिपॉझिट गेलंय.

"आबा, थोडा गुलाल देता का? आमी काय आणलाच न्हवता."

"न्या! समदा न्या! आन् उरला तर माझ्या तोंडाला फासा!"

जवाहर भला माणूस. त्यानं अर्धाच नेला.

त्या दिवशी हंबीररावांनी जाहीर केलं की गद्दार सापडेपर्यंत ग्रामपंचायतीची एकही सभा होणार नाही. क्रांतीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. गावाच्या वरच्या अंगाला माळवस्ती होती. तिथल्या बायका अर्धा कोस उतरून पाणी नेत. प्रचारात क्रांतीनं त्यांच्यापैकी एकीचा हंडा डोक्यावर घेऊन तो चढ चढला होता, आणि वर पोचल्यावर धापा टाकत शब्द दिला होता, की पहिला ठराव तुमच्या टाकीचा. टाकी मंजूरही झाली होती. पण बुधवारपर्यंत ग्रामपंचायतीचा ठराव गेला नाही, तर ती शेजारच्या गावाला जाणार होती. आणि निकाल लागला तो वार होता शनिवार.

"आबा, आधी ठराव करू. गद्दार काय, सावकाश शोधता येईल."

"आन् ठरावाच्या टायमाला त्यो पुन्ना फुटला मग? तोंड कुठं दाखवायचं? घरातलं ढेकूण मारल्याबिगार अंथरूण घालायचं न्हाई. हे तुमच्या विश्रामबागच्या कॉलेजात शिकवत न्हाईत, सूनबाई."

"समजा तो सापडला. मग काय करायचं?"

"पॅनेलातनं भाईर!"

"म्हणजे आपण तीनच उरणार. त्यांचेही तीन. ठराव अडकलाच की."

यावर हंबीररावांनी मिशीला पीळ दिला. मुद्दा पटला नाही की ते मिशीला पीळ देत, आणि पटला की जरा जास्त देत. सासूबाई मनुबाई चुलीपुढून एवढंच म्हणाल्या, "आवं, सून सरपंच हाय. तुमी न्हाई." ते हंबीररावांनी ऐकलं नाही.

मंगळवारी औंधला जायचं ठरलं. तिथल्या डोंगरावरच्या यमाईपुढे चौघांनी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, की मी दिग्विजयलाच मत दिलं. हे गावभर झालं आणि जवाहरच्या पॅनेलला राग आला. आपण मत फोडलं असा याचा अर्थ होतो, म्हणून राजमती आणि दगडाबाई म्हणाल्या, आम्हीपण येतो, आमच्या माणसांनी काही पाप केलेलं नाही. जवाहरला मुळीच यायचं नव्हतं. पण दोन बायका निघाल्यावर पुरुषानं मागं राहायचं कसं? म्हणून एक जीप आणि तिच्यामागे एक बोलेरो अशी वरात डोंगराच्या पायथ्याला पोचली.

"गाड्या हितंच ठेवा. पायऱ्यांनी चढायचं," हंबीररावांनी हुकूम सोडला. "दमलेला मानूस खोटं बोलत न्हाई."

आणि बेलाची पानं, भंडाऱ्याची पुडी असलेलं ताट घेऊन ते असे चढू लागले, की जणू वर शत्रूची चौकी आहे. बाकीचे मागं रेंगाळले.

पहिल्याच वळणावर दिग्विजय क्रांतीच्या बाजूला आला. "वयनी, आबास्नी सांगू नका. म्या जवाहरअण्णाला मत दिलं."

"तूपण?" क्रांती थबकली. "अरे बाबा, उमेदवार तू होतास!"

"म्हून तर! मेव्हण्यानं कोइमतूरला बोलवलंय, सोनं गाळायच्या दुकानात. विट्याकडची निम्मी पोरं तिकडंच हायत. उपसरपंच झालो तर आबा मला गाव सोडू देतील व्हय? आन् आता खोटी शपथ घेतली तर सोनं हातात यायच्या आदी आई यमाई हातच मोडंल."

क्रांतीनं त्याला पुढे धाडलं आणि पदरानं घाम पुसला. दोन टप्पे चढते न चढते तोच गुडघे धरत शालूबाई आल्या.

"सरपंच, माजं चुकलं. म्या जवाहरला दिलं."

"शालूबाई! अहो, का?"

"त्या दिग्विजयनं माज्या वाळत घातलेल्या शेवयांवरनं फटफटी न्हेली. चार शेर शेवया! वर म्हनला, 'आजे, रस्त्यात घालतात व्हय?' त्येला उपसरपंच करू?"

त्यांच्यामागून जोतिबा. जोतिबा माळवस्तीचाच. त्याला फार बोलता येत नसे. "वस्तीवरची मोटर बंद पडली की जवाहरअण्णाच येतो. दिग्विजयला मोटर उघडाय येत न्हाई. म्हून दिलं अण्णाला. बस."

क्रांती पायरीवर बसलीच. एक मत फुटलं म्हणून गाव डोक्यावर घेतलेलं, आणि इथे चौघांपैकी तिघं कबूल! मग जवाहरच्या तिघांनी काय केलं? ते विचारायलाही लागलं नाही. जवाहर स्वतःच येऊन खालच्या पायरीवर बसला.

"सरपंच, एक पाप सांगतो. मी दिग्विजयला मत दिलं."

"अहो अण्णा, तुम्ही तर निवडून आलात!"

"त्येच तर झालं! पॅनेल मेलं असं दिसू ने म्हून उभा राहिलो. म्हटलं, तीनच मतं आमची, पडतोय की आरामात. आता दुकानात गिऱ्हाईक कमी आन् तक्रारवाले जास्त. सकाळधरनं अकरा चहा गेले. बायको बोलत न्हाई माझ्याशी."

जवाहर उठून गेला आणि राजमती, दगडाबाई एकमेकींना ढकलत पुढे आल्या. दोघींनीही दिग्विजयलाच दिलं होतं. जवाहरच्या बायकोनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, तेवढं पाडा हो माझ्या माणसाला. अण्णांना मात्र यातलं काही कळता कामा नये.

देवळाच्या दारात पोचेपर्यंत सहाच्या सहा जणांनी गुन्हा कबूल केला होता. आणि प्रत्येकानं बजावलं होतं, की दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही.

वर हंबीरराव ताट घेऊन ताठ उभे होते. "चला. कोण पुढं येतंय?"

कुणी हललं नाही. शालूबाईंना एकदम गुडघा आठवला. जोतिबा कळसाकडे बघत राहिला. दिग्विजयच्या चपलेचा अंगठा नेमका त्याच वेळी तुटला. जवाहरचा तर घामच निघाला. क्रांतीला दिसत होतं की आता कुणी खरं बोललं तरी घोटाळा आणि खोटं बोललं तरी घोटाळा. दोन्ही पॅनेलं इथेच फुटणार, उद्या सभेला कुणी कुणाचं तोंड बघणार नाही, आणि माळवस्तीच्या बायका आणखी किती वर्षं तो चढ चढणार, देव जाणे.

"आबा," ती म्हणाली, "शपथ घ्यायचीच तर झाल्या मताची कशाला? उद्याच्या मताची घेऊ. टाकीच्या ठरावाला हात वर करणार, अशी."

"म्या घेतो!" सहा आवाज एकदम आले. ताटावर बारा हात पडले.

"मागं सरा!" हंबीरराव कडाडले. "आदी मागचा हिशोब. कुनी पुढं येत न्हाई न्हवं? मग सुरुवात माज्या घरापास्नं." त्यांनी बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. "आई यमाई, माज्या सुनंचं मत दिग्विजयलाच पडलं. ह्ये खोटं असंल, तर मला..."

"आबा, नका!" क्रांतीनं त्यांचं मनगट धरलं.

हंबीररावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"माझं मत जवाहरअण्णांना होतं," ती म्हणाली. "दिग्विजय उपसरपंच झाला असता तर कारभार तुम्ही केला असता, आबा. आणि टाकी, मोटर, पाइप यातलं अण्णांना कळतं, तुम्हाला नाही. मला वाटलं, मी एकटीच. चार दिवस घास उतरत नव्हता. तुम्ही माझ्यासाठी खोटी शपथ घ्यावी, एवढी वाईट मी नाही."

मग दिग्विजय तुटकी चप्पल हातात घेऊन पुढे झाला. "आबा, वयनी एकल्या न्हाईत. म्याबी अण्णालाच दिलं."

"म्याबी," शालूबाई म्हणाल्या.

जोतिबानं नुसता हात वर केला.

तिकडून जवाहर म्हणाला, "आन् मी दिग्विजयला." राजमती आणि दगडाबाईंनी एकदमच मान हलवली. जवाहर त्या दोघींकडे आ वासून बघत राहिला.

हंबीरराव खांबाला टेकून खाली बसले. तळहातावरचा भंडारा तसाच धरून दुसऱ्या हाताची बोटं मोजू लागले. एकदा मोजली. पुन्हा मोजली. क्रांतीला वाटलं, आता हे काही उठत नाहीत, जीपमध्ये उचलूनच न्यावं लागणार.

"सूनबाई, आपली चारी मतं जवाहरला?"

"हो, आबा."

"चारीच्या चारी? एकबी इकडं-तिकडं न्हाई?"

"एकही नाही."

"आन् जवाहर, तुमची तिनी दिग्विजयला?"

"व्हय, आबा."

हंबीरराव उठले. पाठ ताठ झाली, छाती पुढे आली, आणि निकालाच्या दिवसापासून मावळलेला चेहरा पुन्हा सुभेदाराचा झाला.

"मग फुटलंय कोण?" ते गरजले. "चार मानसं, चार मतं, समदी एका जागी! ह्येला म्हनत्यात शिस्त! जवाहर, तुमचीबी शिस्त चांगली हाय, पन तुमची तीनच."

आणि क्रांतीनं अडवायच्या आत त्यांनी तळहातावरचा भंडारा कपाळाला लावून देवीपुढे खणखणीत शपथ घेतली.

"आई यमाई, आमच्या पॅनेलचं एकबी मत फुटलं न्हाई!"

शपथ अगदी खरी होती. बुधवारी टाकीच्या ठरावाला सातही हात वर गेले आणि उरलेला अडीच किलो गुलाल घेऊन हंबीरराव स्वतः माळवस्तीचा चढ चढले. जवाहर मागोमाग येत होता. त्याला एवढंच विचारायचं होतं, की उपसरपंचपद परत करायचा अर्ज कुठे मिळतो.