मालनताईंचा लाल चेहरा

कमरेत इंजेक्शन घेतलं मी, आणि चेहरा लाल झाला तो शेजारच्या मालनताई शेंडग्यांचा. यात गैर काहीच झालं नाही. दुष्परिणाम कुणी घ्यायचे, हे डॉक्टर सुई टोचायच्या आधीच विचारून घेतात.

मला घाई होती. धाकट्या भावाला उशिरा का होईना, मुलगी झाली होती आणि तिची एकुलती एक आत्या मी. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं असतं. माझी कंबर अशी धरलेली, की पडलेला चमचा उचलायलासुद्धा मी शेजारणीला हाक मारायची.

"स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे, मावशी. आराम तुम्हाला पडेल. दुष्परिणाम कोण घेणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचे हे घेतील."

"त्यांना डायबेटिस आहे ना? मग नाही चालणार. या औषधानं साखर चढते."

आमच्या ह्यांचा जीव भांड्यात पडला, ते मला स्पष्ट दिसलं. तेवढ्यात माझी पिशवी सांभाळत बसलेल्या मालनताई म्हणाल्या, "मला द्या हो. माझी साखर चांगली आहे."

"चेहरा लाल होईल. झोप उडेल. कधी कधी उचक्याही लागतात."

"लागू देत."

"चिडचिड होईल."

"ती माझी मूळचीच आहे," मालनताई म्हणाल्या. "टोचा आता, बारसं तोंडावर आलंय."

दुसऱ्या दिवशी मी खाली वाकून उंबऱ्यावर रांगोळी काढली. समोरच्या दारात मालनताई टोमॅटोसारख्या लालबुंद होऊन उभ्या. "झोप?" मी विचारलं. "डोळ्याला डोळा नाही," त्या खेकसल्या आणि उचकी दिली. मला इतकं भरून आलं, की रांगोळीचा ठिपकाच चुकला. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं हो एवढं!

बारशाला त्या आल्या. पेढे त्यांच्या भारी आवडीचे, पण साखर चढलेली, म्हणून ताट नुसतं पुढं सरकवलं. मी पाळण्यात वाकले, अगदी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "कुर्रर्र… गार्गी!"

आणि मग आठवलं. नाव सांगितलं, की जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. डॉक्टरांना हे विचारायचंच राहिलं होतं. बायका सरसावल्या, मी डोळे गच्च मिटले. धपधप आवाज झाला, पण मला काहीच लागलं नाही. वळून बघते, तर मालनताईंनी आपले दोन्ही तळहात माझ्या कमरेवर आडवे धरलेले.

"अहो, हे दुष्परिणामात येत नाही!" मी म्हटलं.

"गप्प वाका," त्या म्हणाल्या आणि उचकी दिली.

आता पुढच्या आठवड्यात मालनताईंच्या गुडघ्यात तेच इंजेक्शन आहे. डॉक्टरांनी विचारायच्या आत मी माझं नाव सांगून आले. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, असं आई सांगायची. आमच्या ह्यांनाही सांगून ठेवलंय, की माझं तोंड लाल दिसलं तर घाबरू नका, आणि मी खेकसले तर ते मालनताईंचं समजा.