आधी नाव घे!

आमच्या घरमालकीणबाईंकडे चहा हवा असेल तर आधी नाव घ्यावं लागतं. नवऱ्याचं नव्हे, स्वतःचं. तेही उखाण्यात! तुम्ही म्हणाल, काहीतरीच. मीही म्हटलं होतं. मी सांगलीची, मला कुणी उगाच काही करायला लावलं की डोकं फिरतं. पण चंदीगडच्या जानेवारीत मोहालीच्या ऑफिसातून कुडकुडत यावं आणि आल्याच्या चहाचा वास यावा, की माणूस उखाणाच काय, पोवाडासुद्धा म्हणतो.

या कुमुदमावशी पेंडसे. सेक्टर बावीसमध्ये खाली त्या राहतात, वर भाड्यानं मी. काका हवाई दलात होते. निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिले, आता मावशी एकट्या. लग्नाआधी त्या पुण्यात प्रोग्रामर होत्या, भोकं पाडलेल्या कार्डांच्या जमान्यात. दर शनिवारी दुपारी त्या बाहेरच्या खोलीत मुलींना प्रोग्रामिंग शिकवतात. फुकट, असं म्हटलं की रागावतात. "फुकट कसं? नाव घेतात की!"

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नंबर आहेत. दहा तांदूळ, वीस तूरडाळ, तीस साखर. मी विचारलं, एक-दोन-तीन का नाही?

"अगं मंजिरी, मध्ये जागा ठेवावी. उद्या काही घुसवायचं झालं तर?"

प्रोग्रामच्या ओळींनाही त्या असेच नंबर द्यायच्या म्हणे. इकडे आल्यावर राजमा घरात शिरला, त्याला पंधरा नंबर मिळाला. एकदा मी साखरेचा डबा भलत्याच जागी ठेवला, तर मावशींनी न बघताच चहात तूरडाळ घातली आणि वर खापर माझ्यावर फोडलं.

पण खरा हट्ट नावाचा. प्रोग्राम पूर्ण झाला की पहिल्या ओळीत लिहिणारीचं नाव हवंच, आणि ते उखाण्यात घेऊनही दाखवायचं. "आमच्या कोबोल भाषेत प्रोग्रामच्या लेखकाची वेगळी ओळच असायची," असं त्या अभिमानानं सांगतात. सिमरन नावाची एक वात्रट पोरगी आहे क्लासमध्ये. तिनं पहिल्याच दिवशी ठोकून दिलं,

"सेक्टर बाईस की मार्केट में मिलते गरम समोसे,
सिमरन का प्रोग्राम चलता है रब दे भरोसे!"

"रब नहीं, टेस्टिंग के भरोसे!" मावशी कडाडल्या. "फिर से बोल!"

मी ऑफिसात एक मोठी चूक शोधून काढली, आणि मीटिंगमध्ये साहेबांनी कुणी शोधली विचारल्यावर मीच म्हणाले, "टीम ने किया." हे मावशींना सांगायची दुर्बुद्धी मला झाली. त्यांनी पुढ्यातला कप उचलून नेला.

"टीमला बोटं असतात का गं? नावं ठेवायला सगळं गाव आहे, नाव घ्यायला आपण तरी नको?"

पुढच्या मीटिंगमध्ये मी घसा खाकरून "मैंने किया" म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. उलट साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

एवढं सगळं असून मावशी स्वतः कधी नाव घ्यायच्या नाहीत. मुलींनी "मौसीजी, अब आप!" म्हटलं की "दूध उतू जाईल" म्हणून आत पळायच्या. मला वाटायचं, लाजतात.

परवाच्या शनिवारी त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. त्यांचा पहिला प्रोग्राम फ्रेम करून भिंतीवर लावायचं आम्ही ठरवलं. मागितल्यावर त्यांनी काकांच्या काळ्या ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद काढून दिला. वरच लेखकाची ओळ होती. एस. व्ही. लेले.

"मावशी, हा दुसऱ्याच कुणाचा आलाय," मी म्हटलं. "तुमच्या साहेबांचा असेल."

"लेले कौन? बॉस था क्या?" सिमरननं विचारलं.

मावशी खुर्चीत बसल्या. "बॉस नव्हता. शालिनी विष्णू लेले. मीच ती."

लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. तबकातल्या तांदळात अंगठीनं 'कुमुद' लिहिलं, आणि शालिनी संपली. वर्षभरानं त्या जुन्या ऑफिसात अनुभवाचा दाखला मागायला गेल्या. कारकून म्हणाला, इथं लेले काम करत होत्या, तुम्ही पेंडसे. पुरावा आणा. तेवढ्यात काकांची बदली निघाली, मग पुढची, मग त्याच्याही पुढची. दाखला राहिला तो राहिलाच, नोकरीही.

"मग म्हटलं, जाऊ दे," मावशी म्हणाल्या.

आणि मी दीडशहाणी! त्या कारकुनानं केलं तेच केलं होतं मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण मला माफी मागता येत नाही, दरडावता येतं.

"नाव घ्या," मी म्हटलं.

"अगं, गॅसवर दूध..."

"जाऊ दे उतू! आधी नाव घ्या."

मावशींनी कागदाकडे पाहिलं. उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर घेतला.

"तांदळात लिहिलं नवं नाव, जुन्याची खाडाखोड,
शालिनीच्या प्रोग्रामला पण अजून नाही तोड!"

मुलींनी घर डोक्यावर घेतलं. आत दूध खरंच उतू गेलं. करपल्याचा वास बाहेर आला तरी कुणी हललं नाही.

मावशींनी माझा हात धरला. "आई गेल्यावर या नावानं कुणी बोलावलं नाही गं. एकदा हाक मारतेस?"

मला रडू येत होतं, म्हणून मी उगाच ओरडले, "शालिनीऽऽ!"

आणि पंच्याहत्तर वर्षांची ती बाई, शाळेतून घरी आलेल्या मुलीसारखी, म्हणाली, "ओऽऽ!"